पांढऱ्या ठिपक्याचा मोह

गेल्या पावसाळ्यापासून उजवा अंगठा थरथरतो. अलेंदे उल्केच्या कापणीचं काम त्यामुळे विद्यार्थिनीकडे गेलं आणि मी शेजारी स्टुलावर बसून चुका काढतो. परवा तुकड्यावर बोट ठेवून म्हटलं, "इथून काप." तिथे करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका होता. ती म्हणाली, "सर, देखणा आहे म्हणून ना?"

उत्तर सुचलं नाही. 30 वर्षं मी तेच करत आलोय.

फेब्रुवारी 1969 मध्ये मेक्सिकोच्या चिवावा राज्यात पडलेला हा काळा दगड, आणि त्यात 456 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे हे ठिपके. उष्णतेला सहजी दाद न देणारी मूलद्रव्यं त्यांत अगदी आदिम उल्कांच्या सुमारे 20 पट भरलेली. ग्रॅमभर तुकड्यात असा एक सापडला की कॅल्शियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम सगळंच चढतं. म्हणून तर स्मिथसोनियनने अलेंदेचे 4 किलो तुकडे दळून एकच पावडर केली. तरी बऱ्याच ठिपक्यांतली थुलियम जादा असण्याची खोड त्या पावडरीतही जराशी उतरलेली दिसतेच.

माझा तोरा पॉलिशचा. ठिपक्यातल्या खनिजांपैकी स्पिनेल हट्टी, मेलिलाइट त्यामानाने मऊ. डायमंड पेस्टवर किंचित जोर झाला की मेलिलाइट खाली बसतं, स्पिनेलचे कण टेकाडासारखे वर उरतात आणि ठिपक्याची केसाहून बारीक कड टवका होऊन उडते. माझी उडत नसे. मग जिथे कौशल्य दिसेल तिथेच करवत लावायची सवय जडली. उरलेला चुरा विश्लेषणाला जाई. माझ्या सरासरीत ॲल्युमिनियम चढंच यायचं. दगडच तसा, असं छापून मी मोकळा झालो.

हल्लीची मंडळी कापण्याआधी सीटी स्कॅन काढतात. यांना दगड हाताला कळत नाही, असं मी चहाच्या टेबलावर कितीदा तरी म्हटलंय. पण स्कॅनला देखणं-कुरूप कळत नाही, हे कबूल करायला अजून जड जातं.

तिने तुकड्यांना नंबर दिले आणि चिठ्ठी काढली. 7 नंबर आला. जवळजवळ सगळा काळा, कोपऱ्यात मोहरीएवढा एक ठिपका.

पॉलिश करताना त्याची कड उडाली. ते मात्र मी तिला ऐकवलं.