बोर्ड कोणता? बांधीला विचारा!

बालमित्रांनो, वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला बाईंनी रागवावे का? मुळीच नाही, असेच तुम्ही म्हणाल! पण मी रागावले. आणि त्या रागावण्यातूनच ही गोष्ट सुरू झाली.

मी नाकाडोंगरीला राहते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे हे गाव. आमच्या भागात डोंगरी बुजुर्ग, चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणी आहेत, जंगल आहे आणि बाकी सगळे धानच धान! धानाच्या वाफ्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर, माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा फेब्रुवारीत रोज दुसऱ्या तासाला पेंगायचा. त्याचे नाव सांगत नाही, लाजेल बिचारा. एक दिवस मी त्याला उभे केले.

"काय रे, रात्री झोपत नाहीस?"

"मॅडम, मोटारीची लाइन रातीच येते. बाबासंग बांधीवर जातो."

"बाबा जातात ना? मग तू कशाला?"

"बाबाले एकटं कसं जाऊ देऊ? धुऱ्यावर साप निघतेत."

मी गप्पच झाले. उन्हाळी धानाला पाणी भरायचे, आणि त्यांच्या शेतावर वीज यायची रात्री. बापलेक मोटारघरापाशी खाट टाकून बसायचे. दर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन धुऱ्यावरून शेवटच्या बांधीपर्यंत जायचे आणि पाहायचे, भरली की नाही? पाणी कमी पडले तर धान वाळते, जास्त झाले तर धुरा फुटतो.

"बांधी भरली की आपोआप घंटी वाजली तर?" मी सहज म्हटले. त्याची झोपच उडाली!

घरी येऊन मी शोधाशोध सुरू केली. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला इवलासा संगणक. ती चिप, तिला वीज पुरवणारा भाग, वायरी जोडायच्या पिना आणि यूएसबीचे तोंड हे सगळे एका पट्टीवर बसवले की झाला डेव्हलपमेंट बोर्ड. पण बोर्ड काय एक असतो? आर्डुइनो उनो, नॅनो, ईएसपी 32, पिको, मायक्रोबिट... लग्नाच्या बस्त्याला गेल्यासारखे झाले! मग मी काय केले? ज्याच्या गुणांची यादी सर्वांत लांब, तो मागवला. ईएसपी 32! वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, वेग 240 मेगाहर्ट्झ. पाण्याची उंची मोजायला आवाजाच्या लहरींवर चालणारा सेन्सरही मागवला.

रविवारी जोडणी केली. थोडा वेळ आकडे आले आणि मग सगळे ठप्प. नंतर माहितीपत्रक वाचले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेन्सर 5 व्होल्टवर चालणारा, त्याचा निरोपही 5 व्होल्टचा. ईएसपी 32 च्या पिना मात्र 3.3 व्होल्टच्या. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्ट कमी करायला हवे होते. मी सरळ वायर जोडली आणि पिन गेली! दोष ना बोर्डाचा, ना सेन्सरचा. माझा. शिवाय त्या शेतात मोबाइलला रेंज नाही, तिथे वाय-फाय कुठले? ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले, तोच तिथे बिनकामाचा.

सोमवारी मी त्या मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, बांधी भरली का नाही एवढंच पाहाचं आहे ना? मंग एवढं मोठं कायले?"

खरेच की! पाणी किती सेंटिमीटर, हे कुणाला हवे होते? बांधी भरली, की नाही भरली? बस्स! आम्ही बोर्ड बाजूलाच ठेवला. प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यात थर्माकोल तरंगता ठेवला, त्यावर लोहचुंबक, आणि वरच्या बाजूला रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात आणि वीज वाहू लागते. त्याला सेल आणि बझर जोडला. वर्गातल्या बादलीत पाणी ओतले आणि किर्रर्र! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शेतात मात्र फजिती झाली. बांधी भरत आली आणि वाऱ्याने पाणी हलले की किर्र! बेडकाने उडी मारली की किर्र! त्या रात्री बाबा किती वेळा उठले, कोण जाणे. शेवटी कंटाळून उठले नाहीत, आणि नेमकी तेव्हाच बांधी खरोखर भरली. सकाळी धुरा फुटलेला होता. दोनच दिवसांपूर्वी टाकलेले खत पाण्याबरोबर वाहून गेले होते.

मी भेटायला गेले. बाबा रागावले नाहीत. फावड्याने माती ओढता ओढता एवढेच म्हणाले, "मॅडम, घंटी खोटं बोलाले नाही पायजे."

मला फार वाईट वाटले. खोटी वाजणारी घंटी ही घंटी नसण्यापेक्षा वाईट!

आता मात्र बोर्ड खरोखरच हवा होता. कशासाठी? थांबण्यासाठी! साध्या स्विचला थांबून खात्री करणे जमत नाही. मायक्रोकंट्रोलरला जमते, कारण त्याला सेकंद मोजता येतात. त्याला सांगायचे, 'स्विच मिटला म्हणून लगेच ओरडू नकोस. सलग 20 सेकंद मिटलेला राहिला तरच वाजव. मध्ये सुटला तर पुन्हा एकपासून मोज.'

या वेळी आम्ही गुणांची यादी पाहिली नाही. कागदावर आपलेच प्रश्न लिहिले.

पिना किती लागणार? दोन. एक स्विचसाठी, एक बझरसाठी. उनोवर 14 डिजिटल पिना असतात, म्हणजे चंगळच! व्होल्ट किती? आमचा बझर 5 व्होल्टचा, उनोही 5 व्होल्टचा. मध्ये काही लावायला नको. दूरवर निरोप पाठवायचा आहे का? नाही, खाटेपर्यंत वायर पुरते. (मोबाइलवर निरोप हवा आणि वाय-फाय असेल, तर ईएसपी 32 च घ्या. तो वाईट नाही, आमच्या कामाचा नव्हता.) बिघडला तर? उनोच्या एका प्रकारात लांबट चिप खोबणीत बसवलेली असते. जळली तर ती उपटून तयार केलेली दुसरी बसवता येते. आमच्यासारख्या, दुकानापासून दूर राहणाऱ्यांना याचे मोल कळते.

शेवटचा प्रश्न, वीज कुठून आणायची? मी लगेच गणित मांडले. उनोला साधारण 50 मिलिअँपिअर वीज लागते. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल 500 मिलिअँपिअर-तासांचा धरला, तर दहा तासांत खलास! रोज नवा सेल कुठून आणणार? मुलगा हसायला लागला.

"मॅडम, लाइन असली तरच मोटार चालते. लाइन गेली त पानीच बंद!"

म्हणजे? वीज असेल तेव्हाच घंटीची गरज! मोटारघरात मोबाइलचा जुना चार्जर लावला की काम झाले. सेल नकोच! हे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. ते रात्र रात्र बांधीवर जागणाऱ्या मुलापाशी होते, आणि मी त्यालाच वर्गात उभे केले होते.

मग आम्ही उनोवर प्रोग्राम शिकलो आणि शेतात नॅनो बसवला. नॅनोवरही तीच चिप, फक्त बोर्ड बोटभर लांब, म्हणून जेवणाच्या जुन्या डब्यात मावतो. वेग 16 मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी जागा 32 किलोबाइट. यादीत फारच गरीब! पण आमच्या घंटीला पुरून उरला.

या आर्डुइनोची जन्मकथाही छान आहे. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड हवा, म्हणून तो तयार झाला. नाव मिळाले तिथल्या एका बारवरून, आणि त्या बारला हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून! आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार केला होता. त्याच सी-डॅकने आता वेगा नावाचे भारतीय प्रोसेसर आणि त्यांवर चालणारे एरीज बोर्ड काढले आहेत. पुढच्या प्रयोगाला तो घेऊ या, असे मुले म्हणतात. मी म्हणते, घेऊ. पण आधी प्रश्नांचा कागद!

मार्चमध्ये पहिल्या रात्री डब्यातली घंटी एकदाच वाजली. बाबा उठले, जाऊन पाहिले, बांधी काठोकाठ भरलेली! त्यांनी मोटार बंद केली आणि येऊन झोपले. मुलगा अजूनही त्यांच्याबरोबर जातो, पण खाटेवर झोपतो. मोटारीच्या वायरींना आणि प्लगला मात्र तो हात लावत नाही. ते काम बाबांचे. तुम्हीही हा नियम पाळा बरं का!

आणि तो ईएसपी 32? तो मी फेकला नाही. त्याची एकच पिन गेली आहे, बाकीच्या शाबूत आहेत. त्याच्या योग्यतेचे काम तुमच्या गावात असेल, तर मला जरूर कळवा!