मोर, साप आणि मोडलेला वेळू

प्रिय भाचीस,


शाळेच्या वाचनालयासाठी गणितावरची वाचनीय पुस्तकं सुचव, असं तू लिहिलंस. मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ आधी घे. त्याच्या शेजारी ना. ह. फडक्यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ हवंच.

‘लीलावती’ म्हटलं की घटिकापात्रातला मोती आणि लग्नाचा हुकलेला मुहूर्त एवढंच लोकांना आठवतं. ती कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादातली. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ग्रंथात ती नाही. त्या कथेपायी मूळ उदाहरणं मागे पडली, याचं मला फार वाईट वाटतं. मंगलाचरण होताच भास्कराचार्य थेट बाजारात नेतात: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म.

पुढे एक मोर भेटतो. ९ हात उंच खांबावर बसलेला. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे निघालेला दिसतो आणि मोर तिरपा झेपावतो. दोघं सारखंच अंतर कापतात. गाठ बिळापासून किती हातांवर? १२. दुसरीकडे ३२ हातांचा वेळू वाऱ्यानं मोडतो, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकतो. मोडला किती उंचीवर? पुन्हा १२! मी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढल्या. एकीच्या बाजू ९, १२, १५. दुसरीच्या १२, १६, २०. दोन्ही ३, ४, ५ च्याच पटीत. मोराच्या आणि वेळूच्या पोटात एकच त्रिकोण दडलेला! किती वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते मी.

कधी मुलांना चाळीसगावजवळच्या पाटणला ने. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख देवीच्या देवळात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारात विकायला काढलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो कर मठाला दिल्याचं त्यात कोरलंय. काकिणी-पणांच्या त्या पुस्तकाचा अभ्यास बाजाराच्याच पैशावर चालायचा!

पुस्तकं कुलपात ठेवू नकोस. आणि मोराचं उत्तर पोरांना आधी सांगू नकोस. फळ्यावर नुसता खांब काढ, खडू त्यांच्या हाती दे.

तुझी,
मावशी