अज्ञात फळ

बावीस अभक्ष्यांची यादी आपल्यापैकी बहुतेकांनी पाठशाळेत घोकलेली असते. मीही घोकली. त्यातली बहुबीज, द्विदल, रात्रिभोजन ही नावे घरात रोज कानावर पडत, त्यामुळे त्यांचा अर्थ न विचारता कळला. 'अज्ञात फळ' या नावापाशी मात्र मी कधी थांबलो नाही. सांगलीच्या बाजारात अज्ञात फळ येणार कुठून? जे येते त्याचे नाव, गाव आणि भाव सगळे ठाऊक असते. त्या दोन शब्दांचा अर्थ मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, फिनलंडमधल्या एका जंगलात, माझ्या पत्नीने दाखवला.

मुलगा सहा वर्षांपासून हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात नोकरी करतो. त्या वर्षी चातुर्मास उशिरा लागणार होता, म्हणून जुलैच्या मध्यावर आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. यापूर्वी आमचे परदेश पाहणे म्हणजे पन्नास माणसांची बस, बरोबर महाराज, पंधरा दिवसांत सात देश आणि रोज संध्याकाळी खिचडी-कढी. त्या प्रवासांबद्दल तक्रार नाही, पण परत आल्यावर नातवाने विचारले, "तिथले लोक काय खातात?" तेव्हा आम्हाला दोघांनाही उत्तर देता आले नव्हते.

मुलाने या खेपेस वेगळा बेत केला. आठ माणसांची तुकडी, एक मार्गदर्शक, दिवसभर जंगलात चालणे आणि दुपारी शेकोटीवर पारंपरिक फिनिश जेवण. शेवटचे ऐकताच सौभाग्यवतींचा चेहरा बदलला. "तुम्ही जा. मी डबा घेऊन गाडीत बसेन," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात कितीतरी लग्नांत, व्यापाऱ्यांच्या मेजवान्यांत ती अशीच बाजूला, आपला डबा उघडून बसलेली मी पाहिली आहे. तिला त्याचे दुःख नसे. मला थोडे असे. मुलाने मार्गदर्शक बाईंना आधीच सविस्तर लिहिले : मांस, मासे, अंडी, मध, कंदमुळे, अळिंबी, काही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'मग धान्य, दूध आणि जंगलातली फळे उरतात. पुरेसे आहे.'

नूक्सिओ राष्ट्रीय उद्यान हेलसिंकीपासून तासाभराच्याही आत आहे. १९९४ साली ते स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे त्रेपन्न चौरस किलोमीटर आहे. फिनलंडच्या भूमीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे, त्या मानाने हा तुकडा लहानच. उडती खार हे उद्यानाचे चिन्ह. ती निशाचर, म्हणून आम्हाला दिसली नाही, फक्त एका झाडाच्या बुंध्याशी तिच्या पिवळसर लेंड्या दिसल्या. जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चांदोली किंवा राधानगरी येते : वेली, दाटी, आवाज. येथे वेली नाहीत. पाइन आणि स्प्रूस यांचे सरळसोट खांब, खाली ग्रॅनाइटच्या पाठीवर गुडघाभर झुडपे आणि मखमलीसारखे शेवाळ, आणि मधूनच एखादे काळेशार, निश्चल तळे. दलदलीच्या जागी दोन फळ्या शेजारीशेजारी टाकून वाट केलेली होती. त्या फळ्यांवरून चालताना मार्गदर्शक बाईंनी शेवाळात दडलेली, शेंगदाण्याएवढ्या लाल पानांची एक वनस्पती दाखवली. पानांवरच्या चिकट थेंबांना कीटक चिकटतात आणि ती त्यांना पचवते. सौभाग्यवती वाकून पाहत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, "अहो, इथं झाडंसुद्धा शाकाहारी नाहीत."

पुढे वाटेच्या कडेला मुंग्यांचे वारूळ होते; मातीचे नव्हे, पाइनच्या वाळक्या सुयांचे, माझ्या कमरेएवढे उंच. मुंग्यांची रांग वाट ओलांडत होती. आमची मार्गदर्शक काही न बोलता थांबली, लांब ढांग टाकून रांग ओलांडली आणि मागे वळून प्रत्येकजण तसाच येतो की नाही हे पाहत उभी राहिली. माझ्या मते सौभाग्यवतीचा तिच्यावर विश्वास बसला तो या ठिकाणी. डासांच्या बाबतीत मात्र ती पोरगी इतकी दयाळू नव्हती.

मग एका उतारावर झुडपांत निळी-काळी फळे दिसू लागली. मटाराच्या दाण्यापेक्षा किंचित मोठी, वरून धुरकट. बाकीची मंडळी ओंजळी भरून खाऊ लागली. दोघी जर्मन बहिणींना तर ही फळे लहानपणापासून ठाऊक होती. सौभाग्यवती हात मागे बांधून उभी होती. मुलाने विचारले, "आई, फळच आहे. काय अडचण?" ती म्हणाली, "अज्ञात फळ."

मुलाने ते इंग्रजीत सांगितले. मला वाटले, मार्गदर्शक हसेल. ती हसली नाही. "त्यांचे बरोबर आहे," ती म्हणाली आणि आम्हा तिघांना घेऊन उतारावरून थोडे खाली, ओलसर सावलीत गेली. तिथे एका बारीक दांड्यावर चार पाने चौफुलीसारखी पसरलेली होती आणि त्यांच्या बरोबर मधोमध एकच गोल फळ, नुकतेच काळे पडू लागलेले. दुरून पाहिले तर तेच फळ वाटावे. ती म्हणाली, याचे नाव सुदेनमार्या, म्हणजे लांडग्याचे फळ. हे विषारी आहे. आमच्याकडे मुलांना आधी हे ओळखायला शिकवतात, मग दुसरे खायला देतात.

त्यानंतर तिने धडाच घेतला. खाण्याचे फळ ते मुस्तिक्का. त्याचे झुडूप गुडघ्याखाली, कोवळी काडी हिरवी आणि कोनदार, पान पातळ, कडेला बारीक दाते, आणि एका झुडपाला कितीतरी फळे. लांडग्याच्या फळाला दांडा एक, फळ एक. दुकानात विकतात ते मोठे ब्लूबेरी आतून फिकट असते, हे आतपर्यंत जांभळे. सौभाग्यवतीने प्रत्येक गोष्ट हाताने चाचपून पाहिली. एक फळ नखाने फोडून आत कीड नाही ना, हे पाहिले. नाव तीनदा म्हटले. बहुबीजाचा प्रश्नही तिने स्वतःच काढला आणि स्वतःच सोडवला. या बाबतीत घरोघरी रीत निराळी असते, आमच्याकडे पेरू चालतो, त्याच न्यायाने हेही चालेल, असे तिने ठरवले. मग एक फळ तोंडात टाकले. थोड्या वेळाने दुसरे.

मी मात्र वेगळ्याच विचारात होतो. आमचा व्यापार हळदीचा आणि बेदाण्याचा. मालाला मालक असतो, हे आम्हाला जन्मापासून शिकवलेले. मी विचारले, "ही जमीन कोणाची?" उद्यान सरकारी आहे, ती म्हणाली, पण उद्यानाबाहेर, कोणाच्या खासगी जंगलात गेलात तरी फळे वेचता येतात. त्या देशात परंपरेने चालत आलेला एक हक्क आहे. मालक कोणीही असो, जंगलातून चालावे, एखादी रात्र तंबू ठोकावा, रानफळे वेचावीत. मालकाची परवानगी लागत नाही. मर्यादाही तितक्याच स्पष्ट : कोणाच्या घराच्या अंगणात शिरायचे नाही, पेरलेले शेत तुडवायचे नाही, जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही, मालकाला न विचारता जाळ करायचा नाही. वेचलेली फळे विकली तर त्या उत्पन्नावर माणसाला आयकरही पडत नाही! हे ऐकून माझ्यातला व्यापारी क्षणभर स्तब्ध झाला. पण तिने लगेच दुसरी बाजूही सांगितली. कारखान्यांसाठी लागणाऱ्या मालाची वेचणी मोठ्या प्रमाणावर थायलंडहून हंगामापुरते येणारे मजूर करतात, आणि त्यांच्या पिळवणुकीचे खटले तिथल्या न्यायालयांत चालले आहेत. रान सर्वांचे असले तरी तराजू कोणाच्या हातात, हा प्रश्न तिथेही आहेच.

दुपारी एका तळ्याकाठी ठरवून दिलेल्या जागी शेकोटी पेटली. उद्यानात अशाच जागी जाळ करता येतो, आणि लाकडे तिथल्या खोपटात रचून ठेवलेली असतात. मार्गदर्शकाने प्रथम एक कोरा लोखंडी तवा काढला. जाळावर दुसरे काहीही येण्यापूर्वी तिने आमचे पदार्थ गरम केले. मग बाकीच्यांची अळिंबी आणि सॉसेज चढले. वास येत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलो. पण त्याच शेकोटीभोवती, त्याच कोंडाळ्यात.

तव्यावरचा पदार्थ पाहून सौभाग्यवती म्हणाली, "ही तर उघडी करंजी." कार्यालानपीराक्का : राईच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी, आत दुधात शिजवलेला मऊ भात, आणि कडेला बोटांनी घातलेली मुरड. पिठात खमीर नाही, फक्त पाणी आणि मीठ. बरोबर अंडे कुस्करलेले लोणी देण्याची पद्धत आहे. आम्हाला तिने साधे लोणी आणले होते, पण सौभाग्यवतीने तेही न घेता कोरीच खाल्ली. हा पदार्थ कारेलिया या पूर्वेकडील प्रांताचा. दुसऱ्या महायुद्धात त्या प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. त्यांच्याबरोबर ही मुरडही देशभर पोहोचली. आज तिच्या नावाला आणि कृतीला युरोपीय संघाचे संरक्षण आहे. मार्गदर्शकाची आजी त्या विस्थापितांपैकीच. आजीने घरातून काय आणले, असे सौभाग्यवतीने विचारले. "लाटणे," ती म्हणाली. आपल्या शेजारची सिंधी कुटुंबे मला आठवली.

भाजलेले एक पांढरे चीजही होते, दाताखाली कुरकुरणारे. दूध गोठवायला काय वापरले आहे, हे मार्गदर्शकाला सांगता येईना. वासराच्या जठरातले रेनेट असण्याचा संभव होता. ते आम्ही ठेवून दिले.

शेवटी तिने एका पिशवीतून तपकिरी पीठ काढले. ताल्क्कुना. धान्य वाफवून, वाळवून, भाजून दळलेले. शिजवावे लागत नाही, म्हणून शेतावर आणि जंगलात जाणारे बरोबर नेत. सौभाग्यवतीने चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगले आणि तिचा चेहरा उजळला. "सातूचं पीठ!" मार्गदर्शकाने वाडग्यात दही ओतले, पीठ कालवायला घेतले, वरून घालायला मुस्तिक्का तयार होत्या. तेवढ्यात सौभाग्यवतीने हात पुढे केला. "थांब पोरी. यात डाळ आहे का?"

मुलाने पिशवीवरची अक्षरे वाचली. ओह्रा म्हणजे जव. काउरा म्हणजे ओट. आणि तिसरे, हेर्ने. म्हणजे वाटाणा.

कच्च्या दह्यात द्विदल! वाचकांना अधिक सांगायला नको. पण त्या कोंडाळ्यात ते कसे समजावणार? मुलगा बापडा चाचरत होता. सौभाग्यवतीने त्याला थांबवले आणि खुणेनेच काम भागवले : दही एका बाजूला, पीठ दुसऱ्या बाजूला, दोन्ही चांगले, पण एकत्र नाही. मग रिकामा वाडगा मागून घेतला, त्यात पीठ, थोडी साखर, मूठभर मुस्तिक्का घातल्या, बरोबर आणलेले उकळून थंड केलेले पाणी ओतले आणि बोटांनी कुस्करून कालवले. जांभळा गोळा झाला. तिने आधी मार्गदर्शकाला दिला. त्या मुलीने चाखला, पुन्हा चाखला, आणि वाडगा जर्मन बहिणींकडे सरकवला. दोघी जर्मन आणि एक फिनिश, तिघीजणी माझ्या पत्नीच्या हातचे खात होत्या आणि ती त्यांना आणखी वाढत होती. डबा पिशवीतून बाहेर निघालाच नाही.

चालता चालता मार्गदर्शकाने एका पाइनच्या सालीवर हात ठेवून सांगितले होते की १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात तिच्या देशातल्या दर बारा माणसांमागे सुमारे एक मेला. तेव्हा लोक या झाडाची आतली साल वाळवून, कुटून, पिठात मिसळून भाकरी करीत. आपल्याकडे १८७६ च्या दुष्काळात दख्खनने जे भोगले, त्याच्या आठ-दहा वर्षे आधीची ही गोष्ट. परत फिरताना सौभाग्यवतीने त्या झाडाजवळ थांबून सालीवरून पुन्हा हात फिरवला.

घरी आलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि ऊन अंगणात लख्ख पडलेले होते. सूर्य सव्वादहाच्या सुमारास मावळणार होता. मुलगा म्हणाला, "आई, अजून पावणेतीन तास आहेत. आरामात जेव." तिने सांगलीच्या वेळेप्रमाणे केव्हाच चूळ भरलेली होती. "सूर्य आहे म्हणून खायलाच पाहिजे का? माझं पोट सांगलीचं आहे," ती म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिला फिनिश येत नाही, इंग्रजीही जेमतेम. अर्ध्या तासाने परतली ती ताल्क्कुनाची दोन पाकिटे घेऊन. मुलाने ती उलटून वाचली : ओह्रा, काउरा. हेर्ने कुठेच नव्हते. "तुला कसं कळलं?" त्याने विचारले. तिने पदराच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी सोडून दाखवली. आदल्या दिवशी मार्गदर्शकाच्या पेन्सिलीने तिने तो एकच शब्द पिशवीवरून अक्षर-अक्षर चितारून घेतला होता. कागदावर जांभळी बोटेही उमटलेली होती.