इलॅस्टिकमधला पीळ

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या बराकीत रात्री अकरापर्यंत आईचं मशीन चालायचं. लहान मुलांच्या पँटींचं इलॅस्टिक गोल जोडायचं काम, डझनावर पैसे. मी एम.एस्सी.ला होते आणि ‘व्हेक्टर बंडल’पाशी दोन महिने अडले होते. व्याख्या पाठ होती: पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर स्पेस. डोळ्यांपुढे मात्र काही उभं राहत नव्हतं.

एका रात्री आई म्हणाली, “हे बघ गं, पीळ पडून जोडलं गेलं. उसव जरा.” मी ते बोटांवरून फिरवलं. कुठेही धरा, पट्टी सरळच. पूर्ण फेरी झाली की मात्र आतली बाजू बाहेर. पीळ कुठल्या एका जागी सापडेना, तो फेरीतच होता. मी कात्री तशीच धरून बसले.

त्या शनिवारी लोकलनं सीएसएमटी आणि पुढे बसनं कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्यानाला गेले. विषय होता नरसिंहन–शेषाद्री प्रमेय. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री, दोघेही चेन्नईच्या लोयोला कॉलेजचे, १९५३ साली या संस्थेत आले. १९६५ साली त्यांनी सिद्ध केलं, की बंद रीमान पृष्ठभागावरचं डिग्री शून्य असलेलं प्रत्येक स्थिर बंडल, त्या पृष्ठभागावरच्या फेऱ्यांनंतर उरणाऱ्या वळणांवरून पूर्ण ओळखता येतं. मला आईचं इलॅस्टिक आठवलं.

भौतिकी यात नंतर आली. यांग आणि मिल्स यांची १९५४ची समीकरणं अणुगर्भातल्या बलांसाठी होती. १९८३ साली सायमन डोनाल्डसन यांनी त्याच समीकरणांच्या वाटेनं हे प्रमेय नव्यानं सिद्ध केलं. स्थिर बंडलावर ऊर्जा किमान ठेवणारं क्षेत्र सापडतं, आणि डिग्री शून्य असेल तर त्याची वक्रता सगळीकडे शून्य. जागच्या जागी काहीच नाही, सगळं फेरीत! भूमितीतली स्थिरता आणि भौतिकीतली किमान ऊर्जा एकच निघावी, याहून सुंदर गोष्ट मी गणितात पाहिलेली नाही.

आता मी बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवते. इलॅस्टिकचा तो तुकडा पर्समध्ये असतो. गणिताच्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे: व्हेक्टर स्पेस शिकवाल त्या तासाला मुलांच्या हातात अशी एक पट्टी द्या, आणि हे प्रमेय आपल्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनापलीकडच्या माणसांचं आहे, तेही सांगा.