परदेशीचे बिऱ्हाड

सैनिकाचे बिऱ्हाड नेहमी पाठीवर! १९४६ साली मराठा पलटणीचे जवान घरदार मागे ठेवून जपानला गेले. आज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील एखाद्या अधिकाऱ्याची टोकियोच्या भारतीय दूतावासात नेमणूक झाली, तर मुलेबाळेही निघतात. आई लोकरीचे कपडे बांधते. भूकंप होताच मेजाखाली शिरावे, हे वडील मुलांना शिकवतात. तेथील घड्याळ साडेतीन तास पुढे असते, हे मुले पाठ करतात.

आजी मात्र मागे राहते. जपानी लोकही पादत्राणे दाराशीच काढतात, हे ऐकून तिला हायसे वाटते. नातवंडांनी दर आठवड्याला मराठीत पत्र लिहावे, एवढेच तिचे मागणे! सामान पेटीत बांधून नेता येते. भाषा मात्र रोज वापरली तरच सोबत राहते.