अर्थिंगचा बोल्ट

सत्तरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा आधी रंग पाठ करायला लावले. ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, इग्निशननंतर फ्यूजमधून जाते ती हिरवी. हेडलाइटला निळी, बाजूच्या दिव्यांना लाल आणि अर्थिंगला काळी. हे ठाऊक असलं की परक्याच्या गाडीतही माणूस चुकत नाही. अनोळखी लोकांनी एकमेकांसाठी पाळलेली ही शिस्त मला फार आवडे.

माझ्याकडे परत आलेले भाग तपासायचं काम होतं. डायनमो, अल्टरनेटर, स्टार्टर. काहींचे ब्रश झिजलेले, कुणाचा कम्युटेटर काळवंडलेला. पण कितीतरी भाग टेबलावर जोडले की सुरळीत चालत. दोष गाडीतच राहिलेला असे. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी चाकांखालून उडून तारांच्या जोडांत आणि अर्थिंगच्या बोल्टखाली शिरतं, आणि गंज धरतो. १२ व्होल्टांतला एक व्होल्ट त्या गंजात गेला, तरी हेडलाइटचा उजेड जवळपास पाव भागाने उतरतो. ड्रायव्हर मात्र दिवा बनवणाऱ्याला नावं ठेवतो.

ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक जोसेफ लुकस याला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हसण्याची रीत मला म्हणूनच कधी रुचली नाही. स्वस्त जोड आणि ओल्या हवेचं खापर शेवटी हातांनी काम करणाऱ्यांवर फुटतं. ते हात मी पाहिले आहेत.

आमच्या शेजारी आर्मेचर भरणाऱ्या बायकांची रांग होती. तांब्याची तार खाचेत बसवताना ताण जरा जास्त झाला की तिच्यावरचं वार्निश सोलतं, कमी पडला तर वेटोळं सैल राहतं. हा ताण त्यांच्या बोटांना कळे. सगळ्यांना ‘बॅब’ म्हणणाऱ्या एक वयस्क बाई तर यंत्राचा आवाज बदलला की मान न वळवता सांगत, तार संपत आली.

याच शहरात, लुकसच्या कारखान्यात, १९३१ साली बेडो पद्धत आणायचा घाट घातला होता. हातात घड्याळ घेऊन कामाचा वेग मोजायचा आणि तो सगळ्यांवर लादायचा. तिथल्याच कामगार जेसी ईडन यांच्या पुढाकाराने सुमारे १०,००० बायका काम सोडून बाहेर पडल्या, आणि ती पद्धत मागे घ्यावी लागली. त्या रांगेतल्या बायका ही हकीकत घरातल्या आजीची सांगावी तशी सांगत. पुढे बोटांचं ते कौशल्य यंत्रांनी गिळलं. १९९६ साली लुकसचं अमेरिकी व्हॅरिटी कंपनीशी विलीनीकरण झालं. त्याआधीच, १९६१ साली, मद्रासला लुकस-टीव्हीएस ही कंपनी उभी राहिली होती. त्या नावाचा स्टार्टर आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत आहे.

जुनी ब्रिटिश गाडी बाळगणारे अजून कधी फोन करतात, दिवे मंद जळतात म्हणून. मी त्यांना नवा दिवा घेऊ देत नाही. अर्थिंगचा बोल्ट काढा, खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासा, मग बोलू, असं सांगतो.