येऊर ते पेडर रोड

२० ऑगस्ट २०२३, रविवार

पहाटेपासून पावसाची झड. तरी ठाण्याच्या उपवन तलावापाशी आमचा धावण्याचा गट जमला आणि आम्ही येऊरचा चढ धरला. आमच्या प्रशिक्षक सरांनी आज माझं घड्याळ काढून स्वतःच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "ताई, आज वेग बघायचा नाही. शेजारणीशी बोलत राहायचं. वाक्य तुटायला लागलं की समजायचं, जास्त जोरात चाललंय."

मुंबई मॅरेथॉनचा अर्ज भरून झाला आहे. २१ जानेवारी, पूर्ण अंतर, ४२.१९५ किलोमीटर. अर्धमॅरेथॉन धावले आहे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की आता फक्त दुप्पट करायचं. सरांच्या मते तीस किलोमीटरपर्यंतची मॅरेथॉन आणि त्यापुढची मॅरेथॉन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तयारी सावकाश धावूनच होते.

सावकाश धावणं फार अवघड आहे. मागून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलले जातात.

३ सप्टेंबर, रविवार

सरांकडून आज हिशेब समजून घेतला. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण सोळाशे ते दोन हजार कॅलरी पुरेल इतकं ग्लायकोजेन साठतं. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साठेक कॅलरी लागतात. म्हणजे नुसत्या या साठ्यावर तीस-बत्तीस किलोमीटर निघतात, पुढचे दहा उरतात. धावणारे ज्याला 'भिंत' म्हणतात ती इथेच उभी असते. वेग कमी ठेवला तर शरीर चरबी जास्त जाळतं आणि साठा लांबवर पुरतो. शिवाय हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं फार सावकाश. त्यांना घाई केली की दुखापत ठरलेली.

एवढं कळल्यावर चढावर मागे पडायला मन राजी झालं.

२५ सप्टेंबर, सोमवार

काल बर्लिनला इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने दोन तास अकरा मिनिटं त्रेपन्न सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. आधीचा जागतिक विक्रम दोन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. सकाळी शाळेत सातवीच्या मुलींना सांगितलं. त्यांना जास्त नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं: बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली ती थेट १९८४ साली, लॉस एंजलिसला. तोवर एवढं अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही असं सांगणारे लोक जबाबदारीच्या जागांवर बसलेले होते. मग त्यांना साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबरबद्दल सांगितलं. दुष्काळी गावातली मुलगी २०१२ पासून सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

सरावाच्या पुस्तकांत दोन गोष्टी नीट लिहिलेल्या सापडत नाहीत, म्हणून इथे लिहिते. पहिली, पाळी. तारखा मोजल्या, शर्यत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आहे. तेव्हा डिसेंबरमधला एक लांब पल्ला मुद्दाम त्याच दिवसांत धावायचा, म्हणजे काय होतं ते आधी कळेल. हिमोग्लोबिन तपासून घेतलं, कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. दुसरी, पहाटे साडेचारला उघडं असलेलं स्वच्छतागृह. पुरुष धावणाऱ्यांना या प्रश्नाची कल्पनाच नसते. आम्हा बायकांचा प्रत्येक मार्ग आधी त्यावरून ठरतो आणि मग अंतरावरून.

९ ऑक्टोबर, सोमवार

काल शिकागोत केनियाचा केल्विन किपटम दोन तास पस्तीस सेकंदांत धावला. जागतिक विक्रम, आणि वय तेवीस. सगळे त्या पस्तीस सेकंदांबद्दल बोलत होते. मी मात्र दोन अर्ध्यांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. पहिला अर्धा एक तास अठ्ठेचाळीस सेकंदांत, दुसरा एकोणसाठ मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांत. पृथ्वीवरच्या सगळ्यात वेगवान मॅरेथॉनमध्येसुद्धा पहिला अर्धा जास्त सावकाश होता! सरांना फोन करून सांगितलं. ते नुसते हसले.

५ नोव्हेंबर, रविवार

आज धावलो नाही. गेले काही दिवस हवा इतकी वाईट आहे की पलीकडच्या इमारतीही धुरकट दिसतात. येऊरच्या डोंगराची तर नुसती कडा. मुंबईची हवा आता उच्च न्यायालयापुढे गेली आहे. लांब पल्ला धावताना माणूस एरवीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने. आरोग्यासाठी धावायचं आणि ही हवा छातीत भरायची, हे पटत नाही. सरांनी पल्ला पुढे ढकलला. या हवेची मला चीड येते, आणि ती फक्त धावणाऱ्यांपुरती नाही. रस्ता झाडणाऱ्या बायकांना पल्ला पुढे ढकलता येत नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

विश्रांतीचा दिवस. संध्याकाळी फडेप्पा दरेप्पा चौगुले यांच्याविषयी वाचत बसले. बेळगावचा हा गडी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी पोरं पाहून सर दोराबजी टाटांना वाटलं, ही ऑलिंपिकला गेली पाहिजेत. त्यांनी खटपट केली, पैसे उभे केले आणि चार धावपटू व दोन मल्ल बेल्जियमला गेले. त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होतं, ऑलिंपिकमध्ये आजवरचं सगळ्यात लांब. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. संघातले सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

तो आजच्यासारखे बूट नाहीत, एनर्जी जेल नाही, मनगटावर वेग दाखवणारं घड्याळ नाही असा काळ. पुण्या-बेळगावच्या हवेत तयार झालेला माणूस बोटीने तिथवर जातो आणि युरोपच्या थंडीपावसात दोन तास पन्नास मिनिटांत अंतर कापतो. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात या माणसाचा एक परिच्छेद तरी असायला हवा.

२४ डिसेंबर, रविवार

बत्तीस किलोमीटर. सरावातला सगळ्यात लांब पल्ला. येऊर, मग पोखरण रोड, पुढे घोडबंदरचा सर्व्हिस रोड आणि परत. दर पाऊण तासाला खजूर, आणि साध्या पाण्याऐवजी मीठ-साखर-लिंबाचं पाणी. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं ठरू शकतं.

पाळीचा दुसरा दिवस होता. शेवटचे चार किलोमीटर कंबर धरली, पण धावता आलं. घरी आल्यावर सासूबाईंनी काही न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्यांनी जन्मभर शेतात काम केलं आहे, कंबर काय असते ते त्यांना सांगावं लागत नाही.

१५ जानेवारी २०२४, सोमवार

संक्रांत. सराव आता निम्म्याहून कमी. शरीराची झीज भरून निघायला हे दिवस लागतात, पण मन अस्वस्थ होतं, उगीच गुडघा दुखल्यासारखा वाटतो. लेकीने गुळाची पोळी पुढे केली, "आई, साठा कर." तीन खाल्ल्या.

२१ जानेवारी, रविवार

रात्री बारालाच उठले. ठाण्याहून लोकल पकडली, डब्यात सगळे नंबर लावलेले. पाचच्या सुमारास सीएसएमटीसमोरून सुटलो. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये शेकडो लोक मला ओलांडून गेले. मी कुजबुजत स्वतःशी बोलत राहिले, वाक्य तुटू दिलं नाही. मरीन ड्राइव्ह अंधारात गेला, पेडर रोडचा चढ अंधारातच चढून उतरले, जाणवलाही नाही. सी लिंकवर असताना उजाडलं. एरवी या पुलावर पायी माणसाला आणि दुचाकीला मनाई आहे. आज दोन्हीकडे समुद्र, आणि गाड्यांच्या जागी हजारो बुटांचा एकसारखा आवाज.

माहीममध्ये शिरलो आणि शहर भेटलं. लोक दारातून, गॅलरीतून, फुटपाथवरून हाका मारत होते. छातीवरच्या नंबराखाली नाव छापलेलं असतं, ते वाचून. संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, मिठाची चिमूट. एका लहान मुलाने पुढे केलेल्या तळहातावर टाळी दिली तर त्याचे सगळे मित्र रांगेत उभे राहिले. ढोल वाजत होते. कुठल्याही ओळखीशिवाय, परक्या माणसासाठी सकाळी सातला एवढं करणारं शहर माझं आहे याचा मला फार अभिमान वाटला.

हाजी अलीच्या आसपास मागून शिट्ट्या वाजल्या आणि आघाडीचे धावपटू शेजारून गेले. आमच्यानंतर दोन तासांहून उशिरा सुटलेले. इथिओपियाचा हायले लेमी गेल्या वर्षीप्रमाणे यंदाही जिंकला, हे नंतर कळलं. त्यांच्या पायांचा आवाज जवळजवळ येत नाही.

पुढे परतीचा पेडर रोड. पहाटेचाच चढ, पण आता पस्तीस किलोमीटर पायांत आणि ऊन डोक्यावर. मांड्या लाकडासारख्या झाल्या. धावता येईना, तेव्हा चालले. आजूबाजूचे बरेच जण चालत होते, कुणी दुभाजकावर बसून पोटऱ्या चोळत होतं. काही ठिकाणचे लोक एव्हाना पांगले होते. एका इमारतीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या, मांडीवर मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडींचं ताट. माझं नाव मोठ्याने वाचून म्हणाल्या, "घे गं, आणि वर गेलीस की उतार आहे."

उतार होता. उतारावर पुन्हा धावायला लागले. मरीन ड्राइव्हचा शेवटचा लांबलचक तुकडा उन्हात संपता संपेना, पण पाय थांबले नाहीत. पाच तास चोवीस मिनिटं. पदक गळ्यात पडल्यावर रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो. वर्गात मुलींनी पदक हातोहात फिरवलं. दोघींना शनिवारपासून धावायला यायचंय. पहिला नियम सांगितला: वाक्य तुटता कामा नये.

हे पान ज्या कुणाच्या हाती पडेल त्यांना एक विनंती. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत असाल तर पेडर रोडच्या चढावर उभे राहा. आघाडीचे धावपटू बघून परत फिरू नका. नऊ ते अकरा थांबा. पाच-सहा तास धावणारे तेव्हा येतात आणि तेव्हाच रस्ता रिकामा होऊ लागतो. मीठ लावलेलं लिंबू किंवा संत्र्याच्या फोडी सोबत घ्या, आणि नंबराखालचं नाव वाचून मोठ्याने हाक मारा.